पाचर सेलमधले ५सीबी : काचेची पकड मोजण्याच्या नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

काम ठरले. ५सीबी या द्रवस्फटिकाचा (द्रवासारखा वाहतो, पण लांबट रेणू एका दिशेत राहतात) पातळ थर दोन काचांमध्ये धरायचा, हा झाला सेल. खालच्या काचेवर रेणू आडवे, वरच्या काचेवर उभे. मधल्या जाडीत त्यांची दिशा ९० अंश वळते. उभ्या बाजूची पकड किती घट्ट, हे आकड्यात हवे आहे. 'चांगली पकड', 'बरी पकड' अशा शेऱ्यांवर भागणार नाही.

पकड सैल असली की काचेलगतचे रेणू पूर्ण उभे राहत नाहीत, थोडे कललेलेच राहतात. गणितात याचा अर्थ असा की काच जणू आपल्या जागेपासून मागे सरकली आहे. हे मागे सरकलेले अंतर म्हणजे पकड-लांबी : द्रवस्फटिकाचा स्थितिस्थापकत्वाचा स्थिरांक भागिले पृष्ठभागाची पकड-ऊर्जा. उभ्या काचेलगत वाक लागतो, म्हणून तिथे वाकाचा स्थिरांक घ्यायचा. ५सीबीसाठी २५ अंशांना तो सुमारे ८ पिकोन्यूटन. पकड दर चौरस मीटरला १०० मायक्रोज्यूल असेल तर पकड-लांबी ८० नॅनोमीटर, १० मायक्रोज्यूल असेल तर ०.८ मायक्रॉन. म्हणजे पन्नास मायक्रॉनच्या थरात काही दिसणारच नाही. थर पातळच हवा, आणि एकाच सेलमध्ये जाड-पातळ सगळे मिळावे म्हणून पाचर, म्हणजे निमुळती फट.

काचा : २५ गुणिले २५ मिमी, १.१ मिमी जाड. ०.७ मिमीच्या काचा पडून होत्या, पण घेतल्या नाहीत. ५सीबीचा पृष्ठताण मीटरला ३० मिलिन्यूटनच्या आसपास धरला तर २ मायक्रॉनच्या फटीत तो काचांना सुमारे ०.३ वातावरण दाबाने एकमेकींकडे ओढतो. पातळ काच तेवढ्याने वाकते आणि भरण्यापूर्वी मोजलेली जाडी भरल्यावर खोटी ठरते.

धुणे : ५ टक्के डिटर्जंटमध्ये अल्ट्रासॉनिक १५ मिनिटे, शुद्ध पाण्याचे चार हात, अॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), नायट्रोजनने कोरडे, १२० अंशांना अर्धा तास, शेवटी यूव्ही-ओझोन २० मिनिटे. परीक्षा सोपी : काचेवर तोंडाची वाफ सोडायची. धुके एकसारखे बसून एकसारखे उडाले तर काच स्वच्छ. ठिपके दिसले तर पुन्हा पहिल्यापासून.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आडव्या बाजूसाठी पीव्हीए (पॉलिव्हिनिल अल्कोहोल). पूर्ण हायड्रोलाइझ्ड जातीचे, पाण्यात ०.५ टक्के, ९० अंशांवर दोन तास ढवळून, ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून. काचेवर टाकून मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ३० सेकंद फिरवले. १२० अंशांवर एक तास. हवेत इतका दमटपणा आहे की ओव्हनबाहेर काढून तशीच ठेवलेली काच दुसऱ्या दिवशी घासताना चिकट लागते. म्हणून ओव्हनमधून डेसिकेटरमध्ये, डेसिकेटरमधून थेट घासायला.

घासायला पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरून रेयॉनची मखमल आणली. नव्या कापडाला खळ असते, ती काढल्याशिवाय वापरू नये. नुसत्या गरम पाण्यात तीनदा उकळली, मग आयपीएत बुडवून वाळवली. २०० ग्रॅमच्या पितळी ठोकळ्यावर गुंडाळून एकाच दिशेने १२ फेऱ्या. परत येताना ठोकळा उचलायचा, ओढत आणायचा नाही.

घासल्याने रेणू एका दिशेत का लागतात याची दोन उत्तरे आहेत. बेरेमन यांनी १९७२ मध्ये दाखवले की चरांच्या पृष्ठभागावर रेणू चरांच्या दिशेत राहिले तर थर कमी मुरडतो. त्यांच्या सूत्रात चरांचे अंतर दुप्पट झाले की पकड आठपट घटते. १० नॅनोमीटर उंचीचे चर ३०० नॅनोमीटरवर असतील तर पकड ३ मायक्रोज्यूलच्या आतच राहते. घासलेल्या पॉलिमरवर प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त पकड मिळते, म्हणजे ताणल्या गेलेल्या साखळ्यांचा वाटा मोठा. आम्हाला पटणारे उत्तर दुसरे. मखमलीचा दाब वाढवून चर खोल करण्याच्या भानगडीत पडायचे नाही. त्यातून फक्त धागे आणि ओरखडे वाढतात.

३ सप्टेंबर, मंगळवार

उभ्या बाजूसाठी डीएमओएपी, काचेशी रासायनिक जोडले जाणारे सायलेन. बाटलीत ते मेथॅनॉलमध्ये ४२ टक्के आहे, म्हणून १०० मिलि पाण्यात २.४ मिलि टाकले की सुमारे १ टक्का. ढवळत ५ मिनिटे बुडवून, तीन वेळा पाण्याने, ११० अंशांवर एक तास. काचेवर पाण्याचा थेंब आता पसरत नाही, गोल उभा राहतो.

द्रावण त्याच दिवशी वापरायचे. कालचे उरलेले द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण सायलेन आपसातच जोडले जाऊन त्याचे कण काचेवर बसतात. क्रॉस केलेल्या (एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या) पोलरायझर्समध्ये काळ्याभोर दिसायला हव्या त्या सेलमध्ये चांदण्या दिसतात.

५ सप्टेंबर, गुरुवार

पाचर जोडली. एका कडेला काहीच नाही, दुसऱ्या कडेला २० मिमी अंतरावर २३ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म. ही बोहरी आळीत पॅकिंगच्या मालात मिळते, १२ आणि २३ मायक्रॉन दोन्ही. आयपीएने पुसून घेतली. बाजूंना यूव्ही गोंद सलग लावून, दोन्ही टोकांना २ मिमी तोंडे सोडून १० मिनिटे यूव्ही.

गोंद पूर्ण पिकू द्यावा. कच्चा गोंद ५सीबीत विरघळतो. ओळखण्याची खूण तापमानात आहे : शुद्ध ५सीबी ३५ अंशांच्या जरा वर आयसोट्रॉपिक होते, म्हणजे रेणूंची एक दिशा राहत नाही. सेलमध्ये तोच बदल ३४ च्या खाली किंवा अंशभर रेंगाळत दिसला, तर आत काहीतरी मिसळले आहे आणि तो सेल मोजण्याच्या लायकीचा नाही.

रिकाम्या पाचरीची जाडी ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात, परावर्तनात. लागून दोन काळ्या पट्ट्यांमध्ये जाडीचा फरक २७३ नॅनोमीटर, पट्ट्यांचे अंतर सुमारे ०.२४ मिमी. संध्याकाळी सहानंतर ढोलपथकांचा सराव सुरू झाला की पट्ट्या थरथरतात. दोन दिवसांवर गणपती. पट्ट्या मोजायच्या तर सकाळीच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सेल ४० अंशांवर, ५सीबीही ४० वर, तोंडाशी थेंब लावला की केशाकर्षणाने आत जाते. निमॅटिक (रेणू एका दिशेत लागलेल्या) अवस्थेत भरले तर प्रवाहाची दिशा पृष्ठभागावर उमटते आणि पकड सैल असेल तर ती पुसली जात नाही. म्हणून गरमच भरायचे. पाचरीत एकूण ५ मायक्रोलिटरही पुरतात.

तापमान उतरवताना वीज गेली. गुरुवारी वीज जाते हे लक्षात ठेवायला हवे होते. हॉट स्टेज (सेलचे तापमान धरून ठेवणारा मंच) ४० वरून आपोआप गार झाला आणि सेल धाग्यांनी, म्हणजे दिशा न जुळलेल्या जागच्या रेषांनी, भरून गेला. वीज आल्यावर पुन्हा ४० वर नेऊन मिनिटाला ०.२ अंशाने उतरवला. धागे गेले, मोजके उरले. हे उरलेले मात्र वीजेमुळे नाहीत. पीव्हीएवर रेणूंचा मूळ कल शून्याजवळ असतो, त्यामुळे वर चढताना ते डावीकडून वळले काय आणि उजवीकडून वळले काय, ऊर्जा सारखीच. दोन्ही प्रकारचे भाग तयार होतात आणि त्यांच्यामध्ये रेषा राहते. पॉलिइमाइड वापरले तर दोन-तीन अंशांचा कल मिळून एकच बाजू जिंकते.

पण आम्ही पीव्हीएच ठेवले, कारण या दोन भागांचा एक उपयोग निघाला. प्रकाश अगदी सरळ पडत असेल तर दोन्ही भागांत रिटार्डेशन (प्रकाशाचा एक घटक दुसऱ्याच्या जितका मागे पडतो ते अंतर) एकच यायला हवे. आज फरक ११ नॅनोमीटर आला. कंडेन्सरचे छिद्र लहान करून, त्याचे केंद्र जुळवून तो २ वर आणला. सूक्ष्मदर्शक नीट लागला आहे की नाही हे सेलच सांगतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

रिटार्डेशन मोजण्याची रीत : सेनारमाँ. घासण्याची दिशा पोलरायझरशी ४५ अंशांत, ५४६ ची पाव-तरंग पट्टी पोलरायझरशी समांतर, मग अॅनालायझर फिरवून सर्वांत काळी जागा शोधायची. एक अंश म्हणजे ३.०३ नॅनोमीटर. अर्ध्या अंशापर्यंत हात बसतो. पूर्ण तरंगांची संख्या यात कळत नाही. ती पातळ टोकापासून पांढऱ्या प्रकाशातले रंग मोजत यायची.

अपेक्षा अशी. दोन्ही पृष्ठभागांची पकड पक्की असेल तर रिटार्डेशन जाडीच्या थेट प्रमाणात. साध्या हिशेबात रेषेचा चढ दुहेरी अपवर्तनाच्या (रेणूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेच्या अपवर्तनांकांतल्या फरकाच्या) निम्मा, म्हणजे ०.१८ चा ०.०९. प्रत्यक्षात कमी यायला हवा : एक तर अपवर्तनांकाचे सूत्र सरळ रेषेत चालत नाही, दुसरे म्हणजे ५सीबीत वाक हा पसरटण्यापेक्षा महाग पडतो, म्हणून वळण आडव्या काचेकडे गोळा होते आणि थराचा जास्त भाग उभ्याच्या जवळ राहतो. उभी पकड सैल असेल तर तीच रेषा वर उचलली जाते, जणू थर पकड-लांबीएवढा जास्त जाड आहे. रेषा मागे वाढवून जाडीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे मिळते, तिथे उत्तर.

१४ ठिकाणी मोजले. चढ ०.०८. रेषा सुरेख. आणि छेद १.३ मायक्रॉन. डीएमओएपीसाठी हे हास्यास्पद आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन आठवडे गेले, चूक जाडीत निघाली. पाचरीचे 'शून्य' टोक शून्य नाहीच. पट्ट्या मोजल्या की जाडीतला फरक कळतो, मूळ जाडी नाही. पहिली पट्टी आम्ही शून्य धरली होती. तिथे धुळीचा कण किंवा काचेच्या कडेचा बारीक टवका बसला असेल तर फट मायक्रॉनभर सहज उघडी राहते. आणि मोजायची पकड-लांबीही मायक्रॉनहून कमी! छेदातून जे वाचले ती पकड नव्हती, कचरा होता.

स्पेक्ट्रोमीटर लावून खात्री केली. पाच जागी रिकाम्या सेलचा पांढरा प्रकाश घेतला. एका जागी शिखरे ६०० आणि ५०५.३ नॅनोमीटरला, मध्ये सहा पट्टे : सहा गुणिले दोन्ही तरंगलांबींचा गुणाकार, भागिले फरकाची दुप्पट. ९.६ मायक्रॉन. पट्टी-मोजणीप्रमाणे तिथे ८.४ लिहिले होते. १.२ चा फरक, म्हणजे छेद जवळजवळ सगळाच संपला.

पण स्पेक्ट्रोमीटरचा आकडा रिकाम्या सेलचा. भरल्यावर फट बदलली का, हे त्यातून कळत नाही. जाडी भरलेल्या सेलमध्येच, त्याच जागी मिळायला हवी.

१४ ऑक्टोबर, सोमवार

उपाय सापडला, तोही साधा. वरच्या काचेची अर्धी रुंदी उभी, अर्धी आडवी. खालची काच सगळी आडवी. मग एकाच पाचरीत शेजारी-शेजारी दोन पट्ट्या : एक मिश्र, एक आडवी-आडवी. आडव्या-आडव्या पट्टीत थर कुठे मुरडलेलाच नाही, त्यामुळे पकड घट्ट असो की सैल, रिटार्डेशन म्हणजे दुहेरी अपवर्तन गुणिले जाडी, एवढेच. ही पट्टी म्हणजे सेलमध्येच बसवलेली मोजपट्टी. जाडी काढायचीही गरज नाही. एकाच उंचीवरची दोन रिटार्डेशन्स एकमेकांसमोर मांडायची आणि मिश्र पट्टीच्या अक्षावरचा छेद वाचायचा. धूळ दोन्हींना सारखी लागते.

बनवणे : सगळ्या काचेवर डीएमओएपी, मग स्टीलच्या पत्र्याने अर्धी झाकून उरलेल्या भागावर यूव्ही-ओझोन २५ मिनिटे. जळलेल्या अर्ध्यावर पाणी पसरते, झाकलेल्यावर नाही. आता पीव्हीए फिरवले की ते स्वतःहून फक्त पसरणाऱ्या अर्ध्यावर बसते. दुसऱ्या अर्ध्यावर तुरळक ठिपके राहतात, ते टाळून मोजायचे. घासताना डीएमओएपीही घासले जाते, त्याने उभ्या मांडणीला बाधा आली नाही. सीमेवर कडेला साचलेले पीव्हीए अर्धा मिमी खाते.

एक दुरुस्ती उरते. वरच्या काचेवर पीव्हीएचा थर फक्त आडव्या पट्टीत आहे, तेवढी तिथली फट अरुंद. थर ३० नॅनोमीटरचा धरला तर छेदात सुमारे २.४ नॅनोमीटर जादा येतात. वजा करायचे.

फिल्म आता १२ मायक्रॉनची, मिमीला ०.६ मायक्रॉन चढ, पातळ टोक जास्त लांब मिळते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

डीएमओएपी, २६ अंश. छेद ९ नॅनोमीटर, चूक अधिक-उणे ४. दुरुस्ती करून साडेसहा. चढाने भागले तर पकड-लांबी ८० नॅनोमीटरच्या आसपास, पण चूक ५० ची. खरे तर हा आकडा दोन्ही बाजूंच्या पकड-लांबींचा फरक आहे, पीव्हीएची वजा होऊनच येतो. नोंदीत लिहायचे ते एवढेच : डीएमओएपीची पकड घट्ट आहे, या रीतीच्या आवाक्याच्या कडेवर आहे. ८० हा आकडा कोणी उचलून कुठे वापरू नये.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आता मुद्दाम सैल पकड : सीटॅब, साबणासारखे रसायन. १०० मिलि पाण्यात ३६ मिग्रॅ, म्हणजे १ मिलिमोलर. हा काचेशी रासायनिक जोडला जात नाही, नुसता चिकटून बसतो.

इथे क्रम उलटा करावा लागला. सीटॅब आधी लावला तर पीव्हीएचे पाणी तो धुऊन नेते. म्हणून पीव्हीए आधी, १५० अंशांवर भाजून, घासून. मग अर्ध्या भागावरून ९० अंशांच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पाच वेळा पुसून काढले. काच आडवी धरून फक्त तो अर्धा भाग सीटॅबमध्ये ५ मिनिटे, मिनिटाला ५ मिमी वेगाने बाहेर. सीमेजवळची मिमीभर पट्टी फुगून खराब होते, सोडून दिली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर मोजणी. छेद दुरुस्तीनंतर ६२ नॅनोमीटर, चढ मायक्रॉनला ८० नॅनोमीटर. पकड-लांबी ०.७८ मायक्रॉन. वाकाचा स्थिरांक ८.२ पिकोन्यूटन धरून पकड दर चौरस मीटरला साडेदहा मायक्रोज्यूल.

पडताळा पातळ टोकाला आहे. बार्बेरो आणि बार्बेरी यांनी १९८३ मध्ये मांडलेला हिशेब असा की फट एका मर्यादेखाली गेली की थराला वळणे परवडत नाही. घट्ट बाजू जिंकते आणि सगळा थर तिच्यासारखा होतो. आपल्याकडे घट्ट बाजू आडवी. मात्र या मर्यादेत वाकाचा नाही, पसरटण्याचा स्थिरांक लागतो, कारण आडव्या अवस्थेतून थर प्रथम जरासा उचलला जातो तेव्हा वाक जवळजवळ नसतोच. ६.२ पिकोन्यूटन भागिले साडेदहा मायक्रोज्यूल : ०.५९ मायक्रॉन. पीव्हीएची पकड-लांबी यातून जराशी वजा जाईल.

२० पट भिंगाखाली पातळ टोक पाहिले. जाड बाजूकडून येताना आडवी पट्टी पिवळट पांढरी, मिश्र पट्टी तिच्या शेजारी गडद करडी. फरक डोळ्यांना सहज दिसतो. पुढे आडवी पट्टीही करडी होत जाते. मग जेमतेम पाव मिलिमीटरच्या अंतरात मिश्र पट्टीचा करडा आडवीला येऊन मिळतो, आणि त्यापुढे टोकापर्यंत दोन्ही पट्ट्या एकाच रंगाच्या, मध्ये फक्त फुगलेल्या पीव्हीएची ठिपक्यांची ओळ. बदल एकदम होत नाही, हळूहळू विरतो, म्हणून जागा नेमकी सांगता येत नाही. आडव्या पट्टीचे रिटार्डेशन तिथे १०० ते ११५ नॅनोमीटर, म्हणजे ०.५५ ते ०.६४ मायक्रॉन. जमले.

डीएमओएपीच्या सेलमध्ये हे टोक शोधूनही सापडले नाही. फटच ०.३ मायक्रॉनच्या खाली गेली नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

खोलीत सकाळी १६ अंश. तीन गोष्टी एकदम. ५सीबीची बाटली पांढरी, घट्ट. सीटॅबच्या द्रावणात तळाला सुईसारखे स्फटिक : त्याचे क्राफ्ट तापमान २५ अंशांच्या आसपास, त्याखाली तो पाण्यात पुरेसा विरघळत नाही. आणि रात्री हॉट स्टेज बंद राहिल्याने दोन्ही सेल आत गोठलेले.

बाटली ४५ अंशांच्या पाण्यात ठेवून, पूर्ण वितळल्यावर हलवून घेतली. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून काढू नये. सीटॅब ३५ वर नेला की विरघळतो, पण काच आणि चिमटाही ३५ वरच हवेत, नाहीतर बाहेर काढताना काचेवरच स्फटिक धरतात.

सेल २६ वर आणले तेव्हा निमॅटिकमध्ये जुन्या स्फटिकांच्या कडा तशाच उमटलेल्या दिसल्या. ४० वर जाऊन परत आल्यावर डीएमओएपीचा सेल स्वच्छ, छेद चुकीच्या मर्यादेत पूर्वीइतकाच. सीटॅबच्या सेलमध्ये छेद ६२ चा ८१ झाला, पकड-लांबी १ मायक्रॉनच्या वर. आणखी दोनदा ४० वर नेऊन आणला : ८८, ९३. चिकटून बसलेला सीटॅब प्रत्येक वेळी थोडा ५सीबीत उतरतो आहे असे दिसते. गोठण्याचा त्यात वाटा किती, हे या सेलवरून वेगळे काढता येणार नाही. त्यासाठी एक नवा सेल फक्त तापवायचा, एक फक्त गोठवायचा.

हॉट स्टेज यूपीएसवर घेतला. नव्या दोन काचांना पीव्हीए आज लावले, घासणे गुरुवारी. त्याला वीज लागत नाही.